पाठीवर बिऱ्हाड, मांडीवर कचेरी

ज्याचे बिऱ्हाड विंचवासारखे पाठीवर, त्याच्यावर मराठी मध्यमवर्गाने सहसा भरवसा टाकलेला नाही. कायम नोकरी, पहिल्या तारखेचा पगार, हप्त्यांवर घेतलेले घर आणि उतारवयातील निवृत्तिवेतन ही त्याच्या आयुष्याची चतुःसीमा होती. गेल्या पाच-सहा वर्षांत या चतुःसीमेबाहेर एक नवा वर्ग उभा राहिला आहे. त्याची कचेरी मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये असते. मालक किंवा गिऱ्हाईक दुसऱ्याच खंडात असते. आणि तो स्वतः चार महिने गोव्यात, दोन महिने हिमाचलातील बीडला, तर उरलेले वर्ष थायलंड किंवा बालीत काढतो. ‘डिजिटल भटके’ असे नाव त्याला पडले आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला बसलेला विद्यार्थी आता ‘नोकरी कोठे मिळेल?’ असे न विचारता ‘कोठूनही करता येईल अशी नोकरी कोणती?’ असे विचारू लागला आहे. हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही, आणि जाहिरातींच्या भाषेत त्याचे उत्तर देण्यासारखाही नाही. त्यामागे मजुरीचा, निवाऱ्याचा आणि म्हातारपणाचा हिशेब दडलेला आहे; तो मांडला गेला पाहिजे.

कल्पना जुनी, साधन नवे

काम आणि कामाची जागा यांची फारकत होईल, हे भाकीत नवे नाही. विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांनी १९६४ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात सांगितले होते की, बहुधा पन्नास वर्षांत माणूस ताहिती किंवा बाली बेटावर बसून लंडनमधल्या इतकाच सुखाने आपला व्यवसाय चालवू शकेल. क्लार्क स्वतः १९५६ पासून सिलोनमध्ये राहून इंग्लंड-अमेरिकेतील प्रकाशकांसाठी लिहीत होते. तेव्हा हे भाकीत काहीसे स्वानुभवाचेच होते. १९७३ च्या सुमारास, तेलटंचाईच्या दिवसांत, अमेरिकेतील जॅक नाइल्स यांनी असा प्रश्न विचारला की, रोज लाखो माणसे कामाकडे नेण्याऐवजी दूरसंचाराच्या साह्याने कामच माणसाकडे का नेऊ नये? १९८० मध्ये ऑल्विन टॉफ्लर यांनी ‘द थर्ड वेव्ह’ या ग्रंथात घराघरांतून चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाचे चित्र रंगविले. ‘डिजिटल नोमॅड’ हे नाव त्सुगिओ माकिमोतो व डेव्हिड मॅनर्स यांच्या १९९७ च्या पुस्तकाने रूढ केले. म्हणजे कल्पना साठ वर्षांची, नाव पाव शतकाहून जुने. अभाव होता तो स्वस्त संगणकाचा, वेगवान इंटरनेटचा आणि मालकांच्या विश्वासाचा. पहिल्या दोन गोष्टी हळूहळू आल्या. तिसरी २०२० च्या महामारीने एका महिन्यात आणली. अमेरिकेतील एका सर्वेक्षणमालेनुसार तेथील डिजिटल भटक्यांची संख्या २०१९ मध्ये ७३ लाख होती. ती २०२० मध्ये १ कोटी ९ लाखांवर गेली आणि २०२४ मध्ये १ कोटी ८१ लाखांपर्यंत पोहोचली.

पोटासाठी भटकणे मराठी माणसालाही अपरिचित नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून. त्यांची विद्या त्यांच्या मुखात होती. जेथे यज्ञ तेथे काम. वाटेत बंडाने गाठले, झाशीचा वेढा पाहावा लागला आणि मिळविलेले द्रव्य लुटले गेले. पुढे कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत आला आणि त्याचे घर मात्र गावीच राहिले. काम एका ठिकाणी, कुटुंब दुसऱ्या ठिकाणी, आणि दोहोंना जोडणारी मनिऑर्डर, अशी ही अर्थव्यवस्था शंभर वर्षे चालली. आजच्या भटक्याचे वेगळेपण असे की, गोडसेभट आणि चाकरमानी मजुरी जेथे अधिक तेथे गेले; हा मात्र मजुरी महाग देशातून घेतो आणि राहतो स्वस्त देशात. मिळकत आणि खर्च यांचे भूगोल त्याने वेगळे केले आहेत. त्याच्या सुखाचे सारे रहस्य या तफावतीत आहे.

सीमा पुसट, पण कोणासाठी?

या तफावतीतून आपल्यालाही काही मिळावे, हे अनेक सरकारांनी लवकर ओळखले. पर्यटक ओसरल्याने हवालदिल झालेल्या बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये वर्षभर राहून परदेशाचे काम करण्याचा परवाना देऊ केला; अट वार्षिक ५०,००० डॉलर मिळकतीची, शुल्क एका व्यक्तीस २,००० डॉलर. त्याच वर्षी एस्टोनियाने, २०२१ मध्ये क्रोएशियाने, २०२२ मध्ये पोर्तुगालने आणि २०२३ मध्ये स्पेनने असे व्हिसे सुरू केले. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा काढला. त्यासाठी पाच लाख बाथची शिल्लक दाखवावी लागते. या नियमांकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले म्हणजे त्यांचे खरे स्वरूप दिसते. ही दरपत्रके आहेत. पाहुण्याने खर्च करावा, परकीय चलन आणावे, पण स्थानिकाची नोकरी घेऊ नये, ही प्रत्येकाची अपेक्षा आहे. स्पेनने तर स्पॅनिश कंपन्यांसाठी करावयाच्या कामाला एकूण कामाच्या २० टक्क्यांची मर्यादाच घातली आहे.

परंतु दरपत्रक सर्वांसाठी सारखे नाही. जपानने ३१ मार्च २०२४ पासून सहा महिन्यांचा असा परवाना सुरू केला. त्यासाठी वार्षिक मिळकत एक कोटी येन हवी. शिवाय अर्जदाराच्या देशाशी जपानचा करविषयक करारही हवा आणि त्या देशाच्या नागरिकांना व्हिसामाफीही हवी. भारताशी करविषयक करार आहे, व्हिसामाफी नाही. म्हणजे पुण्याच्या अभियंत्याने एक कोटी येन मिळविले तरी हे दार त्याला बंद. जर्मन तरुण सकाळी विचार करून संध्याकाळी लिस्बनच्या विमानात बसू शकतो. भारतीय तरुणाला बँकेचे उतारे, विम्याची कागदपत्रे व वकिलातीची मुलाखत यांतून जावे लागते. पर्यटक व्हिसावर जाऊन गुपचूप काम करण्याची वाट अनेक जण चोखाळतात. पण जी वाट एका तक्रारीने बंद होऊ शकते, तिच्यावर आयुष्याची कारकीर्द उभारता येत नाही. ‘जगात कोठूनही काम’ या घोषणेतील ‘कोठूनही’ हा शब्द पासपोर्टाच्या रंगाप्रमाणे आखूड किंवा लांब होतो, हे घोषणा देणारे सांगत नाहीत.

करांच्या बाबतीतही अशीच समजूत पसरली आहे की, जो कोठेच स्थिर राहत नाही त्याला कोठेच कर लागत नाही. भारतात वर्षाकाठी १८२ दिवस राहणारा माणूस रहिवासी ठरतो आणि त्याची जगभरची मिळकत येथे करपात्र होते. ज्या भारतीय नागरिकाची परदेशी मिळकत वगळून उरलेली मिळकत १५ लाखांहून अधिक आहे आणि जो दुसऱ्या कोणत्याही देशात कर देण्यास पात्र नाही, त्यालाही रहिवासी मानण्याची तरतूद २०२० मध्ये करण्यात आली. भटकण्याचे स्वातंत्र्य मिळाले, तरी हिशेब ठेवण्यातून सुटका झालेली नाही.

हिशेबाची वही

मोठ्या देशांतील भटक्यांचे चित्र पाहून येथील तरुणाने आपला अंदाज बांधू नये, याचे आणखी एक कारण आहे. अमेरिकन माणूस बालीत बसून न्यूयॉर्कचे काम करू शकतो, याचा अर्थ तेच काम नाशिकचा माणूस नाशिकमध्ये बसून कमी दराने करू शकतो. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड बाल्डविन यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात याला दूरस्थ स्थलांतर म्हटले आहे. माणूस देशांतर करीत नाही, त्याचे श्रम करतात. या स्पर्धेत भारतीयाला काही काळ लाभ आहे हे खरे. पण जो नियम न्यूयॉर्कला लागू तोच उद्या नाशिकलाही लागू. मनिला, लागोस किंवा ढाका येथील होतकरू त्याहून कमी दर सांगू शकतो. २०२२ च्या अखेरीपासून तर यंत्रही या लिलावात उतरले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची लेखन करणारी साधने आल्यानंतर एका मोठ्या काममध्यस्थ संकेतस्थळावरील लेखन-व्यवसायी व्यक्तींची मासिक कामे सुमारे २ टक्क्यांनी व कमाई सुमारे ५ टक्क्यांनी घटली, असे एका अभ्यासात दिसून आले. घट लहान वाटेल. परंतु ती साधने येऊन काही महिनेच झाले असतानाची ती आहे.

साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, एकाला महागाई भत्त्यासह मूळ वेतन दरमहा ५०,००० रुपये आहे आणि त्याची संस्था पूर्ण वेतनावर भविष्यनिर्वाह निधी भरते. दुसरा स्वतंत्रपणे काम करून काम असलेल्या महिन्यात ८०,००० रुपये मिळवितो. वरकरणी दुसरा फार पुढे आहे. पहिल्याचे वार्षिक वेतन ६,००,००० रुपये झाले. त्यात मालकाचे निधीचे १२ टक्के, म्हणजे ७२,००० रुपये, आणि दरवर्षी पंधरा दिवसांच्या हिशेबाने साठणारे उपदान, म्हणजे सुमारे २८,८०० रुपये, मिळवावे. बेरीज ७,००,८०० होते. दुसऱ्याला वर्षातून नऊ महिने काम मिळाले असे धरले, तर त्याची मिळकत ७,२०,००० रुपये. त्यातून मध्यस्थाचे कमिशन दहा टक्के वजा केले की ६,४८,००० उरतात. लॅपटॉप, इंटरनेट, आरोग्यविमा, प्रवास आणि दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या खोलीची अनामत रक्कम यांचा खर्च अद्याप धरलेलाच नाही. आजारपणाची रजा हा शब्द तर त्याच्या कोशातच नाही. तात्पर्य, कागदावरच्या दीडपट कमाईचा माणूस प्रत्यक्षात मागे असू शकतो. वर्षाचे बाराही महिने काम मिळाले तर चित्र पालटते हे उघड आहे; पण मग प्रश्न ‘महिन्याला किती?’ हा नसून ‘वर्षातून किती महिने?’ हा आहे, आणि तोच सहसा विचारला जात नाही.

सामाजिक सुरक्षेचे काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने चाकोरीबाहेरच्या कामगारांची व्याख्या केंद्रीय कायद्यात प्रथमच केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि, त्यांच्यासाठीच्या निधीत भर घालण्याची जबाबदारी मध्यस्थ कंपन्यांवर, त्यांच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के या प्रमाणात, टाकलेली आहे. परदेशातील गिऱ्हाइकाशी थेट करार करणाऱ्या माणसाच्या मागे असा अंशदान देणारा कोणीच उभा नाही. त्याचा भविष्यनिर्वाह निधी म्हणजे त्याची स्वतःची शिस्त. पंचविशीत ही शिस्त क्वचितच असते. आणि पंचेचाळिशीत ती आली, तर चक्रवाढ व्याजाची वीस वर्षे निघून गेलेली असतात.

कचेरी ही शाळाही असते

कारकीर्दीचा विचार केवळ कमाईने होत नाही, शिकण्यानेही होतो. एखाद्या उद्योगाचे लोक एकाच गावात जमले, की त्या धंद्याचे ज्ञान जणू हवेतच मिसळते, असे आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच दाखवून दिले होते. इचलकरंजीचा विणकर किंवा कोल्हापूरचा ओतकाम करणारा कारागीर हे वेगळ्या शब्दांत सांगेल. नव्या कारकुनाला टिपण कसे लिहावे हे कोणी वर्ग घेऊन शिकवीत नाही; शेजारच्या टेबलावरच्या जुन्या माणसाकडे पाहून तो शिकतो. हे शेजारचे टेबल दूरस्थ कामात नाहीसे होते.

घरून केलेले काम कमी दर्जाचे असते असे मात्र म्हणता येणार नाही. चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीत निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्या दूरध्वनी-सेवकांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. परंतु तितकेच चांगले काम करूनही त्यांना बढती मिळण्याचे प्रमाण कमी पडले. आणि एकटेपणाला कंटाळून बऱ्याच जणांनी कचेरीत परतणे पसंत केले. त्याच कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्यातून फक्त दोन दिवस घरून कामाची मुभा होती. तेथे राजीनामे एक-तृतीयांशाने घटले आणि बढतीवर प्रतिकूल परिणाम दिसला नाही. दोन्ही प्रयोगांचे सार एकच आहे. अंतराने काम बिघडत नाही, पण पूर्ण अंतराने माणूस नजरेआड होतो.

मालकांचा कलही ध्यानात घेतला पाहिजे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० मध्ये जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत एका वेळी केवळ २५ टक्के कर्मचारी कचेरीत असतील. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत येण्यास सांगितले. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून तेच केले. ज्यांनी २०२१ मध्ये ‘आता हे कायमचेच’ असे समजून शहरातले घर मोडले, त्यांना कंपनीच्या एका परिपत्रकाने परत बिऱ्हाड मांडावे लागले. जे स्वातंत्र्य परिपत्रकाने मिळते ते परिपत्रकानेच जाते.

पाहुण्याचे भाडे, यजमानाचे बेघरपण

या प्रवासी वर्गाचे ज्या गावांत येणे-जाणे असते, त्या गावांचा विचार सहसा शेवटी होतो. वास्तविक तो आधी व्हावयास हवा. पोर्तुगालने हा व्हिसा सुरू केला तेव्हा तेथील किमान वेतन महिना ७०५ युरो होते आणि व्हिसासाठी अट होती त्याच्या चौपट मिळकतीची, म्हणजे २,८२० युरोंची. पाहुणा स्थानिक मजुराच्या किमान चौपट कमावणारा असावा, हे सरकारनेच लिहून दिले. मग लिस्बनमधील घरमालकाने भाडे कोणाकडे पाहून ठरवावे? पर्यटन व परदेशी गुंतवणूक यांचा रेटाही होताच. एप्रिल २०२३ मध्ये घरांच्या प्रश्नावर तेथे हजारो लोक रस्त्यावर आले. मेक्सिको सिटीच्या प्रशासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दूरस्थ काम करणाऱ्या परदेशीयांना आकर्षित करण्यासाठी घरे भाड्याने देणाऱ्या एका कंपनीशी करार केला. जुलै २०२५ मध्ये त्याच शहरातील कोंदेसा व रोमा या वस्त्यांत परकीयांमुळे वाढलेल्या भाड्यांविरुद्ध मोर्चे निघाले. तीन वर्षांत आमंत्रणाचे निषेधात रूपांतर झाले.

गोव्याला हा धडा दूरचा नाही. हणजूण, आसगाव, शिवोली या गावांत २०२० नंतर दिल्ली, मुंबई व बंगळूरहून आलेले लॅपटॉपधारी स्थिरावले. त्यांनी खानावळी चालविल्या, दुचाक्या भाड्याने घेतल्या, पावसाळ्यातही गावात पैसा खेळता ठेवला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण महिन्याच्या करारावर भरघोस भाडे देणारा पाहुणा मिळू लागला, की वर्षाच्या करारावर राहणारा शिक्षक किंवा परिचारिका घरमालकाला नकोशी होते. आणि येथे परकीय कोण, हा प्रश्नही अवघड आहे. कारण भाडे वाढविणारा तरुण पुण्याचा वा मुंबईचाच असू शकतो. लिस्बनमध्ये जो अमेरिकन, तो आसगावात आपल्यापैकीच एक आहे.

काम गावाकडे येईल काय?

तर मग हा सारा मार्ग त्याज्य मानावयाचा काय? तसे मुळीच नाही. भटकंतीचे वलय बाजूला सारले, तर मूळ गोष्ट फार मोलाची आहे: काम मिळविण्यासाठी गाव सोडण्याची सक्ती सैल झाली आहे. लग्न होऊन तालुक्याच्या गावी गेलेली वाणिज्य पदवीधर तरुणी, अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून जाऊ न शकणारा मुलगा, जिन्यावरून चढ-उतार करता न येणारा अपंग अभियंता यांच्या दृष्टीने दूरस्थ काम ही चैन नव्हे. ती पहिलीच संधी आहे. बाली बेटावरच्या खोलीपेक्षा वाई, चिपळूण किंवा अंबाजोगाईतील खोलीचा विचार महाराष्ट्राने करावा, तो याचसाठी. स्वस्त गावात राहून महाग शहराचे काम करण्याचा लाभ त्यांनाही मिळतो. भाषा आपली, माणसे आपली, आणि व्हिसा नको.

परंतु हे आपोआप घडणार नाही. २०२० च्या पावसाळ्यात सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीला मोबाइलचा संदेशवहन पट्टा मिळावा म्हणून डोंगरावर झोपडी उभारून तास ऐकावे लागले, हे विसरता येत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूचे जाळे नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्येच मंजूर केली. खांबापर्यंत आलेली तार घरापर्यंत आणि अखंड विजेपर्यंत पोहोचणे हा तिचा उत्तरार्ध आहे. सिक्कीममध्ये २०२५ साली याकतेन या खेड्यात पर्यटनाचा हंगाम नसताना घरगुती निवासांना मिळकत व्हावी म्हणून दूरस्थ काम करणाऱ्यांना बोलाविण्याचा प्रयोग सुरू झाला आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची व जिल्हा परिषद शाळांच्या रिकाम्या खोल्यांची कमतरता नाही. तालुक्यास एक अशी वीज, इंटरनेट व शांतता असलेली कामाची जागा करणे हे अशक्यप्राय काम नव्हे. तेथे चार जण एकत्र बसले, तर हरवलेले शेजारचे टेबलही काही अंशी परत मिळेल. त्याबरोबरच, मालक बदलला तरी माणसाबरोबर चालत राहील असे विमा-निवृत्तीचे खाते, ज्यात स्वतंत्र कामगाराने भरलेल्या रकमेत शासनही काही भर घालील, ही यापुढच्या काळाची गरज आहे.

विद्यार्थ्यापुरते बोलावयाचे, तर क्रम महत्त्वाचा आहे. पहिली चार-पाच वर्षे जाणत्या माणसांच्या सहवासात काम शिकावे. सहा महिन्यांचा खर्च गाठीस बांधावा. भविष्यनिर्वाह निधीत वा राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत पहिल्या कमाईपासून रक्कम टाकावी. एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये. आणि मग खुशाल बाहेर पडावे. देशाटनाने माणूस शहाणा होतो असे आपल्याकडे पूर्वापार मानले आहे. पण त्या देशाटनाला निघणाऱ्याच्या पदरी आधी काही विद्या असे आणि मागे परतण्यासाठी घर असे. विद्या पुरती हाती येण्याआधी आणि घर मोडून जो निघाला, त्याच्या पाठीवर बिऱ्हाड असते खरे. मात्र ते उतरवून ठेवावे अशी जागा त्याला उतारवयात शोधावी लागते.